जखमेची पाहणी

कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते महाराष्ट्रात बसून नव्हे. राजाराम महाराजांच्या पदरी असता, दूर तमिळ मुलखात, जिंजीच्या किल्ल्यावर, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ते पुरे केले. चाकरीनिमित्त परमुलखात राहून आपल्या राज्याची हकीगत लिहिणारा हा मराठी दरबारी आमच्या वाचकांस सहजच जवळचा वाटावा. अफझलखानाच्या वधानंतर, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगानंतर, महाराजांनी आपल्या लोकांचा जो परामर्श घेतला त्याचे वर्णन त्याने दोन-चार वाक्यांत उरकले आहे. पडलेल्यांच्या मुलांस बाळपरवेशी बांधून दिली. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निमे वेतन चालविले. आणि जखमींस पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत, ज्याच्या त्याच्या जखमेच्या मानाने, रक्कम दिली.

ह्या लहानशा नोंदीत एक प्रश्न दडलेला आहे. जखमेचे मान ठरविले कोणी? सभासद ते सांगत नाही. परंतु ज्या सैन्यात लढणारा आणि लढविणारा एकाच रणात उभे असत, तेथे घावाची किंमत करणारा मनुष्य घाव बसला त्या ठिकाणापासून फार दूर नसावा, असा तर्क करण्यास हरकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही रक्कम एकदाच द्यावयाची होती. दोनशे होन मोजून दिल्यावर त्या शिपायाच्या मागे माणूस लावून तो जखमी हाताने नांगर धरतो की काय, हे पाहत बसण्याचे कारणच उरत नव्हते. पाळतीचे बीज रुजते ते चालू नेमणुकीत. दरमहा, दरसाल काही द्यावयाचे ठरले की देणाऱ्याच्या मनात दरमहा, दरसाल एक शंका येऊ लागते: हा मनुष्य अद्याप जिवंत आहे काय? आणि जिवंत असेल तर अद्याप अपंग आहे काय?

ह्या शंकेचा इतिहास हाच आमच्या लेखाचा विषय होय. रायपुरातील समता कॉलोनीत राहून तो लिहावासा वाटला यात नवल नाही. ह्या वस्तीत आणि लगतच्या चौबे कॉलनीत, जेथे येथील महाराष्ट्र मंडळ आहे, निवृत्त मराठी अधिकाऱ्यांची घरे आहेत. ज्यांनी उमेदीच्या काळात दुसऱ्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या, शेरे मारले, प्रकरणे परत पाठविली, तेच आता आपला दाखला घेऊन खिडकीपुढे उभे राहतात. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिलेला वर्ग म्हणून ह्या मंडळींस ही हकीगत इतरांहून अधिक समजेल.

सैन्यातील तोतयेगिरी ही जुनी व्याधी. अकबराने घोड्यांवर डाग देण्याची आणि शिपायाचा ‘चेहरा’, म्हणजे त्याच्या रंगरूपाची व खुणांची नोंद, दफ्तरी ठेवण्याची पद्धत कडक केली, ती एकाच्या जागी दुसरा उभा राहू नये म्हणून. पुढे इंग्रज कंपनीने हीच विद्या पेन्शनीस लावली. थकलेल्या वा जायबंदी झालेल्या शिपायाचे नाव, गाव, बापाचे नाव, उंची, अंगावरील तीळ-व्रण यांचा तक्ता करावा आणि पैसे घेण्यास तो येईल तेव्हा तक्ता व मनुष्य ताडून पाहावा, असा हा क्रम. कोकणातील दापोली हे अशा शिपायांचे नामांकित ठाणे होते. मुंबई लष्कराची व्हेटरन बटालियन तेथे असे, आणि ती गेल्यावरही ‘कॅम्प दापोली’ ही पेन्शनरांची वस्ती म्हणून राहिली. ह्या वस्तीचा उल्लेख आम्हांस पुढे पुन्हा करावयाचा आहे.

मुलकी चाकरांसाठी जे सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्स झाले त्यांतील अपंगत्वाच्या पेन्शनीचा दाखला मोठा वाचनीय होता. नोकर पुढील सेवेस असमर्थ आहे एवढे लिहून डॉक्टरची सुटका होत नसे. हे असामर्थ्य त्याच्या अनियमित वा व्यसनी वर्तनामुळे आलेले दिसत नाही, असेही त्यास प्रमाणित करावे लागे. म्हणजे डॉक्टराने नाडी पाहावी तशी नीतीही पाहावी! देहाची तपासणी करता करता सरकारची दृष्टी वर्तनाकडे कशी सरकते, याचा हा आरंभीचा नमुना म्हणावा लागेल.

परंतु पेन्शनरावरील पाळतीने जगास जे खरोखर मोठे साधन दिले ते बंगालात. विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी १८५८ साली जंगीपूर येथे असता त्याने एका ठेकेदाराच्या करारावर सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ साली हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना त्याने बोटांचे ठसे घेण्याची पद्धत दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन ह्या तिन्ही खात्यांत चालू केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसरेच कोणी पैसे उचलतात, हे त्यास थांबवावयाचे होते. पुढे १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे दफ्तर उघडले; एडवर्ड हेन्रीच्या नावाने गाजलेली वर्गीकरणपद्धती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या त्याच्या हाताखालच्या दोघा देशी अधिकाऱ्यांच्या परिश्रमाने उभी राहिली. आज ठशाचे नाव काढताच चोर-दरोडेखोर आठवतात; पण सरकारी खात्यात त्याचा जो पहिला नियमित उपयोग झाला त्यात म्हातारा पेन्शनर हा कैद्याच्या जोडीने उभा होता, ही गोष्ट विसरली गेली आहे.

येथवर शंका एकच होती: मनुष्य तोच आहे काय? ‘मनुष्य खरोखर काम करू शकत नाही काय?’ ही दुसरी आणि अधिक अवघड शंका विम्याबरोबर आली, आणि तिचे माहेर युरोप होय. इंग्लंडातील कामगारांच्या परस्परसाहाय्यक मंडळ्या आजारी सभासदास आठवड्याची रक्कम देत, आणि त्याच्या घरी ‘सिक व्हिजिटर’ नावाचा माणूस पाठवीत. आजाऱ्याची विचारपूस हे त्याचे एक काम; तो अंथरुणावर आहे की नाही हे पाहणे दुसरे. अनेक मंडळ्यांच्या नियमांत असे असे की, रक्कम घेणाऱ्याने ठराविक वेळेनंतर संध्याकाळी घराबाहेर पडू नये, गुत्त्यात बसलेले दिसू नये. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली आजारपणाचा, १८८४ साली अपघाताचा व १८८९ साली अपंगत्वाचा विमा कायद्याने केला. त्याच १८८९ साली हेर्मान ओपेनहाइम ह्या वैद्याने अपघातानंतर शरीरावर खूण नसताही मज्जासंस्था बिघडते, असे प्रतिपादन केले. लगेच दुसरा पक्ष उभा राहिला: हा रोग मज्जेचा नसून पेन्शनीच्या आशेचा आहे! हा वाद सदतीस वर्षे चालला, आणि १९२६ साली जर्मनीच्या सर्वोच्च विमा न्यायपीठाने अशा दुखण्यास भरपाई नाही, असा निर्णय दिला. जी जखम दिसत नाही तिचे काय करावे, हा प्रश्न तेव्हा निकालात निघाला. सुटला मात्र नाही.

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मध्यवर्ती कायदेमंडळात तेव्हा कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी होते. ह्या कायद्याच्या परिशिष्टात मनुष्यदेहाची दरपत्रिका दिलेली होती. अलीकडच्या आकड्यांनी सांगावयाचे तर अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० कमी झाली असे समजावे. तर्जनी पुरी गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. सभासदाच्या होनांचेच हे शेकडेवारीतील रूप. फरक एवढाच की येथे जखम पाहणाऱ्यास जखमी मनुष्य दिसलाच पाहिजे असे नव्हते. भरपाई मालकाने द्यावयाची असल्याने मालकांनी विमे उतरविले, आणि त्यामुळे कामगार व मालक यांच्यामध्ये तिसरा पक्ष येऊन बसला. कलकत्त्यास तर अनेक विमाकंपन्यांच्या वतीने असे दावे पाहणारी ‘कलकत्ता क्लेम्स ब्यूरो’ नावाची संस्थाच होती. जखमी हमालास मालक निदान तोंडओळखीने ठाऊक असे. क्लेम्स ब्यूरो त्यास कशी ठाऊक असणार?

ह्या कायद्याचे अकरावे कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी देऊ केली तर कामगाराने तिला हजर राहिले पाहिजे. नकार दिला तर भरपाईचा हक्क तहकूब. तपासणी होण्याआधी तो कामाचे ठिकाण सोडून आपण होऊन दूर गेला तर परत येईपर्यंत हक्क तहकूब. कलम वाचताना त्यात अन्याय असा दिसत नाही. तो दिसण्यास परळ-लालबागच्या चाळीत जावे लागते.

तत्पूर्वी दुसऱ्या कायद्याची जन्मकथा सांगितली पाहिजे. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ मुलांसह कॅम्प दापोलीस राहिले होते. म्हणजे भीमरावाच्या अगदी लहानपणाचा काही भाग पेन्शनरांच्याच वस्तीत गेला. त्यांच्या खात्याच्या कारकीर्दीत प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करून १९४४ च्या ऑगस्टात अहवाल दिला. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरावी, व आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा यांचा भार विम्याने उचलावा, ही त्यातली मूळ कल्पना. तिच्यातून स्वतंत्र भारतात १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला; १९५४ साली ती नागपुरास व मुंबईस आली. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि रायपूर त्याच राज्यातला एक जिल्हा.

ही योजना आमच्या मते ह्या देशाने कामगारासाठी केलेल्या चार-दोन खऱ्या गोष्टींपैकी एक होय. इजा झाल्यावर दुरुस्त होईपर्यंत मजुरीच्या सुमारे नऊदशांश रक्कम. कायमचे अपंगत्व आले तर मेडिकल बोर्डाने ठरविलेल्या प्रमाणात जन्मभर मासिक लाभ. क्षय-कुष्ठासारख्या दीर्घ रोगांत लांबणीवरचा आजारलाभ. मालकाच्या मर्जीवर यातले काहीच नव्हते. परंतु ह्याच कायद्यात चौसष्टावे कलमही होते. आजारलाभ वा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्याने नेमलेल्या दवाखान्याच्या उपचाराखाली राहावे. बरे होण्यास बाध येईल असे काही करू नये. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तो इलाखा सोडू नये. आणि सांगितले जाईल तेव्हा तपासणीस उभे राहावे. दवाखान्याचा डॉक्टर दाखले सैल हाताने देतो अशी शंका आली तर त्याच्यावर मेडिकल रेफरी. इंग्लंडातील सिक व्हिजिटर असा वकिली पोशाख घालून आपल्याकडे आला.

आता चाळीतल्या माणसाकडे पाहू. मुंबईचा गिरणीकामगार बहुतेक रत्नागिरी, सातारा ह्या जिल्ह्यांतला. बायकोमुले गावी, आईबाप गावी. मुंबईत एका खोलीत दहा-वीस जणांनी पाळीपाळीने झोपावयाचे आणि जेवण खाणावळीत घ्यावयाचे. असा मनुष्य आजारी पडला की मुंबईत त्यास पेज करून घालणारे कोणी नसे. साच्यावर हात चिरडला किंवा छातीत दुखू लागले की त्याची पावले बोटीच्या धक्क्याकडे नाहीतर एस. टी.कडे वळत. गावी जाणे हाच त्याचा दवाखाना. पिढ्यान्‌पिढ्यांची ही रीत कायद्याच्या भाषेत ‘इलाखा सोडून जाणे’ ठरली. परवानगी घेता येत असे, हे खरे. पण परवानगी मागावयास दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे आणि पुढच्या तपासणीच्या तारखेस पुन्हा मुंबईस येणे हे ज्यास साधते तो मनुष्य तसा फार आजारी नसतोच. आणि गावी गेल्यावर अंगणात बसून दोन काठ्या फोडल्या, वैरणीचा भारा उचलून गोठ्यात टाकला, तर त्याने ‘बरे होण्यास बाध येईल असे काही’ केले की नाही? कलम लिहिणारा ज्या घरातून आला होता त्या घरात आजारी माणूस अंथरुणावर पडून राहतो. शेतकऱ्याच्या घरात तो उन्हाला बसतो आणि हाताला येईल ते करतो.

गिरणीतील बिसिनोसिस ह्या रोगाने तर ह्या पद्धतीची चांगलीच परीक्षा घेतली. कापसाच्या बारीक धुळीने होणारा हा छातीचा विकार; सूत काढण्याच्या आणि कापूस पिंजण्याच्या खात्यांत तो अधिक. त्याची खोड अशी की, साप्ताहिक सुट्टी घेऊन कामगार परत आला म्हणजे पहिल्या दिवशी छाती आवळून येते आणि आठवडा जसजसा सरतो तसतसा, निदान पहिल्या वर्षांत, त्रास कमी होत जातो. सोमवारी ज्याला जिना चढवत नाही तो शुक्रवारी बोर्डापुढे नीट श्वास घेतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणीकामगारांतील ह्या रोगाचा अभ्यास केला, आणि कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून त्याचे नावही आले. पण शुक्रवारी पाहणाऱ्याने सोमवारचे दुखणे कसे पाहावे, याचे उत्तर परिशिष्टात मावणारे नव्हते.

हाच घोटाळा आज अमेरिका-कॅनडाकडे फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस तो ऐकून ठाऊक असेल. तेथे नोकरीबरोबर दीर्घकालीन अपंगत्वाचा विमा असतो. कोणी पाठीच्या वा मज्जेच्या दुखण्याने घरी बसला की विमाकंपनी खासगी गुप्तहेर नेमते. तो रस्त्यावर मोटार उभी करून चलच्चित्र घेतो. चार दिवसांच्या टेहळणीतून दोन मिनिटांचा तुकडा निघतो: दावेदार बाजाराची पिशवी उचलत आहे. त्या पिशवीनंतर तो दोन दिवस अंथरुणावर पडून होता, हे चित्रात येत नाही, कारण बंद दाराआड कॅमेरा जात नाही. अलीकडे समाजमाध्यमांवरील लग्नाकार्यांची छायाचित्रेही दफ्तरात लावली जातात. एक तास उभे राहता येणे आणि रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस काम करता येणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, ही साधी बाब अशा पुराव्यात हटकून पुसली जाते. २००४ साली अमेरिकेतील युनमप्रॉव्हिडंट ह्या बलाढ्य विमाकंपनीस राज्यांच्या विमानियंत्रकांशी तडजोड करून दीड कोटी डॉलर दंड भरावा लागला आणि नाकारलेल्या वा बंद केलेल्या दोन लाखांहून अधिक दाव्यांची फेरतपासणी देऊ करावी लागली. डोळा ठेवणाऱ्यावर डोळा ठेवल्याचे हे विरळा उदाहरण.

कोणी म्हणेल, लबाडी नसतेच काय? असते. हुगळीस मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलणारे होतेच, आणि २०२४ साली पुण्यातील एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवरून जो गदारोळ उठला तो वाचकांच्या स्मरणात आहेच. परंतु अधिकारी वर्गाने हेही ध्यानात घ्यावे की, अशा प्रत्येक गदारोळानंतर जो नवा तपासणीचा हुकूम निघतो त्याचा पहिला फेरा लबाडाच्या दारी जात नाही. लबाडाजवळ कागद चोख असतात. ज्याचा पाय खरोखर गेला आहे तोच तिसऱ्यांदा जिल्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ह्या प्रश्नास दोन वेळा चांगला हात घातला. १९७५ च्या डिसेंबरात त्यापुढे एका सुताराचे प्रकरण आले. डावा हात कोपराच्या वरून तोडावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे हानी अपुरी, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतार म्हणून तो पूर्ण अपंग झाला, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१० साली मोटार-अपघाताच्या एका प्रकरणात त्याने अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीची हानी ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यास बजावले. सैल हाताने दाखले देणाऱ्या डॉक्टरांविषयी न्यायाधिकरणांस त्याच निकालात सावधही केले. १९२३ व १९४८ चे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. उरला व सिलतरा येथील कारखान्यांत हात अडकलेल्या मजुराची टक्केवारी ह्यापुढे ह्या संहितेखाली ठरेल.

समता कॉलोनीत नोव्हेंबर हा छत्तीसगढच्या स्थापनादिनाने उगवतो आणि हयातीच्या दाखल्याने मावळतो. पूर्वी बँकेत जाऊन समक्ष उभे राहावे लागे; १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवनप्रमाण’ ही संगणकीय सोय झाली, आणि हर्शेलने हुगळीस काढलेला बोटाचा ठसा एकशे सदतीस वर्षांनी पुन्हा पेन्शनराकडे परत आला. वयाने बोटांवरील रेषा झिजतात. यंत्र ‘जुळत नाही’ असे सांगते. मग दुसरे बोट, तिसरे बोट, ओला रुमाल. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. अकबराच्या दफ्तरातील शब्दही असा परत आला.

सुशिक्षित निवृत्ताची गैरसोय येथे संपते. परंतु ह्याच छत्तीसगढात ज्यांस बोटेच नाहीत असे लोक आहेत. चांपा येथे सदाशिव गोविंद कात्रे ह्या मराठी गृहस्थाने, जो स्वतः कुष्ठरोगी होता, १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापट यांनी तो पुढे कित्येक दशके चालविला. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि १७ ऑगस्ट २०१९ रोजी ते वारले. कुष्ठाने झिजलेल्या हाताचा ठसा यंत्रास लागत नाही, आणि ठसा नाही म्हणून पेन्शन अडली, अशी प्रकरणे देशात ठिकठिकाणी झाली. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने खुलासा केला: बोटे नसतील तर डोळ्यांवरून नोंदणी करावी, डोळ्यांवरूनही होत नसेल तर दोहोंवाचून करावी. मात्र अशा मनुष्याचे छायाचित्र घेताना त्यास बोटे वा डोळे नाहीत ही गोष्ट त्यात स्पष्ट दिसेल अशा रीतीने ते घ्यावे.